जोडून लावलेली टेबलं

कान तपासायच्या त्या केंद्रात तिला सगळे सेलमावशी म्हणत. निळ्या कोटाच्या डाव्या खिशात नवे सेल, उजव्या खिशात उतरलेले, आणि चालताना दोन्हीकडून खुळखुळ. "आल्या, वाजतगाजत आल्या," असं नोंदणीच्या खिडकीत बसणारा कारकून म्हणायचा, आणि ती उलट म्हणायची, "तुमच्यासारखं एका जागी बसून गंजण्यापेक्षा बरं."

एकोणीस वर्षांपूर्वी ती इथे फरशी पुसायला आली होती. दुसऱ्याच महिन्यात ढोल बडवणारं एक बंद पडलेलं अस्वल तिच्या हातात देऊन कुणीतरी म्हणालं, हे टाकून या. टाकण्याआधी तिने त्याची पाठ उघडून बघितली. आत सेल फुटून पांढरट-हिरवा गंज चढला होता. तिने तो कापसाच्या बोळ्याने पुसला, स्प्रिंगा खोडरबरने घासल्या, घरून आणलेले दोन सेल बसवले, आणि अस्वल ढोल बडवत फरशीवरून चालत सुटलं. त्या दिवसापासून केंद्रातली सगळी खेळणी तिच्या ताब्यात आली. चाकांच्या दांड्यात अडकलेले केस ती सुईने काढायची. सेल संपला की नाही ते टेबलावर उभा टाकून बघायची, कारण संपलेला सेल जरा जास्त उसळतो. सुट्टीच्या आदल्या दिवशी सगळ्या खेळण्यांच्या पोटातून सेल काढून ठेवायची. घरी नवरा, पूर्वीचा बसड्रायव्हर, विचारायचा, "मग डॉक्टरीणबाई, आज किती पेशंट वाचवले?"

"दोन हत्ती आणि एक आगबोट."

"आगबोटीला काय झालं होतं?"

"तुमच्यासारखंच. नुसती घरघर, हलायचं नाव नाही."

पण ही खेळणी नुसत्या खेळण्यासाठी नव्हती. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला 'आवाज आला की हात वर कर' असं सांगून भागत नाही. त्याला आवाजाची गोडी लावावी लागते. स्पंज लावलेल्या बंद खोलीत मूल आईच्या मांडीवर बसतं. काचेपलीकडे तपासणाऱ्या मॅडम असतात. एका बाजूने आवाज येतो, आणि त्या बाजूला मुलाने मान वळवली की तिथलं खेळणं जिवंत होतं. दोन-चार वेळा असं झालं की मुलाला कळतं, आवाज म्हणजे गंमत. मग आवाज हळूहळू बारीक करत न्यायचा आणि मूल कुठपर्यंत वळतं ते बघायचं. जे वळतं त्याला ऐकू येतं. झोपेतल्या बाळाचे कान तपासणारं मोठं यंत्र दूरच्या इस्पितळात होतं आणि तिथली रांग चार-चार महिन्यांची, त्यामुळे इथे जे पास झाले त्यांना तिकडे पाठवायचं कारण नसे.

अस्वल कायमचं थकलं तेव्हा कुणा दानशूराने रिमोटवर चालणारा आगगाडीचा सेट पाठवला. एक इंजिन, तीन डबे, बोगदा, पूल, वर-खाली होणारं फाटक, एक क्रेन, आणि रुळांच्या कडेला उभ्या करायच्या सात गाई. सूचनांच्या कागदावर नुसती चित्रं होती. मावशीने तो सेट दोन दुपारी लावला. रुळाचे तुकडे एकमेकांत टिचकन बसेपर्यंत दाबायचे, बोगद्याचा उतार पुलाला जुळवायचा, इंजिनात चार सेल, रिमोटात दोन. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की रूळ टेबलाच्या बाहेर वीतभर येतायत. वळण काढून टाकलं तर गाडी फिरणार कशी? तेव्हा तिने मुलाच्या पुढ्यातलं टेबल सरकवून सेटच्या टेबलाला चिकटवलं आणि वळण त्याच्यावर आणलं. गाडी बोगद्यातून निघून पार मुलाच्या बोटांजवळून जायची. मुलं हरखून जायची. मॅडमसुद्धा म्हणाल्या, "मावशी, हे काय सुंदर लावलंय तुम्ही!"

एकच कटकट होती. इंजिन चालू ठेवलं की नुसतं उभं राहूनही दीड दिवसात सेल खाऊन टाकायचं. मावशीला ते बघवेना. रिमोटवरचं हिरवं बटण दाबलं की इंजिन जागं होतं, लांब दाबलं की झोपतं, आणि लाल बटणाने धावतं, हे तिने शोधून काढलं. मग तिने एक पद्धत बसवली. आत, मुलासमोर, ती स्वतः बसायची. रिमोट कोटाच्या खिशात. मॅडमनी काचेपलीकडून बोट वर केलं की हिरवं दाबायचं आणि मान हलवायची, की लगेच मॅडमनी आवाज सोडायचा. मूल वळलं तर लाल. पुन्हा झोपवायचं. जागं होताना इंजिन जागच्या जागी एकदा शहारायचं, चाकं केसभर मागे-पुढे व्हायची. "आळस देतंय," मावशी म्हणायची. मधूनमधून मॅडम मुद्दाम आवाज न सोडता गप्प बसत, मूल उगाचच तर वळत नाही ना हे बघायला. तेव्हा त्या बोट वर करत नसत, आणि मावशीही हिरवं दाबत नसे. आवाज नाही तर गाडी जागी कशाला करायची?

त्या पद्धतीने सेल दहा-दहा दिवस पुरायला लागले. आठ महिने असं सुरळीत चाललं होतं.

आठ महिन्यांनी एका सकाळी एक आई आपल्या मुलीला घेऊन परत आली. मुलगी आता तीन वर्षांची झाली होती. आई तिला बबडी म्हणत होती. आठ महिन्यांपूर्वीच्या तपासणीत ती पहिल्याच फेरीत पास झालेली, मावशीला आठवत होती, कारण इतकी चटकन वळणारी मुलगी तिने पाहिली नव्हती.

"मॅडम, ही अजून काही बोलत नाही," आई म्हणत होती. मॅडमच्या खोलीचं दार उघडंच होतं. "हाक मारली तर बघत नाही. मागून तर अजिबातच नाही."

मॅडमनी जुना कागद काढला. "अकरा वेळा आवाज दिला, दहा वेळा वळली आहे. कान चांगले आहेत तिचे. काही मुलं उशिरा बोलतात. तुम्ही घाई करू नका, तिच्याशी भरपूर बोला. सहा महिन्यांनी दाखवायला आणा."

"सासूबाई पण तेच म्हणतात. कान आहेत, पण मनात नाही." आई कसनुसं हसली आणि पुढची तारीख घ्यायला खिडकीशी जाऊन उभी राहिली.

मावशी तेव्हा स्पंजच्या खोलीत दार सताड उघडं टाकून सेट साफ करत होती. बबडी आईचा हात सोडून आत आली आणि ओळखीच्या टेबलापाशी उभी राहिली. दोन्ही तळहात टेबलावर पसरून ती गाईंकडे टक लावून बघत होती. मावशीने इंजिनात नवे सेल बसवून ते बोगद्यापाशी रुळावर ठेवलं. तेवढ्यात तिच्या कोपराचा धक्का लागून सेलांचा पत्र्याचा डबा मागे फरशीवर उपडा झाला. पत्रा दणाणला, वीस-पंचवीस सेल घरंगळले.

"काय पाडलंत? छप्पर?" खिडकीतून कारकून ओरडला.

बबडीची पापणीही लवली नव्हती. ती गाई बघत होती.

मावशी सेल गोळा करायचं विसरली. गुडघ्यांवर बसल्या बसल्या ती मुलीच्या पाठीकडे बघत राहिली. मग हळूच तिच्या मागे जाऊन तिने टाळी वाजवली. काही नाही. "बबडे," ती म्हणाली. काही नाही. तिने खिशातला रिमोट चाचपला आणि हिरवं बटण दाबलं.

मुलगी गर्रकन बोगद्याकडे वळली, आणि ओठ अर्धवट उघडे ठेवून वाट बघत राहिली.

 मावशीने इंजिन झोपवलं, मुलीच्या दोन्ही हातांत एकेक गाय दिली, हात टेबलावरून उचलले गेले आहेत याची खात्री केली आणि पुन्हा हिरवं दाबलं. मुलगी गाईची शिंगं तपासत राहिली. तिने गाई काढून घेतल्या, तळहात परत टेबलावर ठेवले, हिरवं दाबलं. मुलगी वळली. शेवटी मावशीने स्वतःचा हात तिच्या हाताशेजारी टेकवला आणि डोळे मिटले. तो आळस रुळातून, वळणातून, जोडलेल्या लाकडातून तिच्या तळव्यापर्यंत आला. मुंगी चावावी तेवढाच.

मुलीला आवाज कधीच ऐकू आला नव्हता. आणि आवाजाआधी क्षणभर, दर वेळी, तिला हाताने इशारा मिळत होता. तो इशारा मावशी देत होती.

"बबडे, चल गं, बस चुकेल," बाहेरून आईची हाक आली. मग, कुणाला तरी सांगावं तसं, "बघा, ढुंकून बघेल तर शप्पथ."

पुढचे काही क्षण मावशीला नंतर पुष्कळ दिवस पुरले. कुणी काही पाहिलं नव्हतं. कागदावर सही मॅडमची होती, तिची नव्हती. फरशी पुसणाऱ्या बाईला कानातलं काय कळतं? उद्या सकाळी टेबलं अलग केली की झालं, पुढच्या मुलांचं तरी चुकणार नाही. आणि ही परत येईलच की सहा महिन्यांनी. सहा महिने. मॅडम आयांना नेहमी सांगायच्या ते तिला पाठ होतं: बोलणं शिकायचं वय फार थोडं असतं, एकदा गेलं की हाती लागत नाही. या मुलीचे आठ महिने आधीच गेले होते, आणि ते कुणी घालवले हे जगात एकट्या मावशीला माहीत होतं.

तिने मुलीला कडेवर घेतलं आणि आईच्या समोरून, आईला ओलांडून, मॅडमच्या खोलीत गेली.

"अहो, कुठे नेताय तिला?" आई मागोमाग आली.

"मॅडम," मावशी म्हणाली, "हिला ऐकू येत नाही. माझ्यामुळे ती पास झाली."

मॅडम आधी हसल्या. मग त्यांनी मावशीचा चेहरा बघितला. "मावशी, बसा. काय बोलताय तुम्ही?"

मावशी बसली नाही. तिने जसं घडलं तसं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, असं होऊच शकत नाही, आपण मध्ये आवाज न देताही बघतो, तेव्हा ती वळली नव्हती. मावशी म्हणाली, "तेव्हा मी हिरवं दाबतच नव्हते." मॅडमच्या हातातला पेन तिथेच थांबला.

टेबलं अलग केली. मध्ये हातभर जागा सोडली, वळण काढून टाकलं, इंजिन आधीपासून जागं ठेवलं. आई मुलीला मांडीवर घेऊन बसली. मॅडमनी आवाज सोडला. मुलगी हलली नाही. आवाज वाढवला. मुलगी तळहात टेबलावर ठेवून मावशीच्या कोटाच्या बटणाकडे बघत होती. आणखी वाढवला. शेवटी तो एवढा झाला की आईनेच डोळे घट्ट मिटून खांदे वर केले. तिच्या मांडीवरची मुलगी आईच्या खांद्यांचं काय झालं म्हणून मान वर करून बघायला लागली.

कुणी काही सांगायची गरज राहिली नाही.

 मॅडमनी यंत्रं, उपाय, मोठ्या इस्पितळातल्या ओळखी, उद्याचीच तारीख, सगळं सांगितलं. आई नुसती मान हलवत होती. मग एकदम तिने मावशीकडे बघितलं.

"तुम्ही म्हणालात ऐकू येतं. म्हणून मी मारलं हिला."

तिने मुलीला जवळ ओढलं.

"मागच्या आठवड्यात गॅसपाशी गेली. मी ओरडले, मागे हो, मागे हो. चालतच राहिली. मला वाटलं मुद्दाम करते. गालावर पाच बोटं उठली होती." तिने मुलीचा गाल हाताने झाकला, जणू ती बोटं अजून दिसत असावीत. "आठ महिने, मावशी. रोज काही ना काही. हट्टी म्हणाले मी तिला, ढोंगी म्हणाले. ती बघायची नुसती माझ्या तोंडाकडे. तिला तर कळतही नव्हतं मी कशाला चिडते."

"ताई, माझं चुकलं," मावशी म्हणाली.

"हो," आई म्हणाली. "चुकलंच."

ती उठली. माफ केलं म्हणाली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. दाराशी जाऊन थांबली, आणि सवयीने "चल गं बबडे" म्हणायला तिचं तोंड उघडलं. ते तसंच मिटून ती दोन पावलं परत आली, मुलीच्या समोर बसली, तिच्या नजरेत नजर आली तेव्हा हात पुढे केला. मुलीने तो लगेच धरला.

त्यानंतर मॅडम आणि मावशी नोंदवही घेऊन बसल्या. आगगाडीचा सेट लावल्यापासून सत्तर मुलं तपासली होती. एकेचाळीस पास झाली होती. त्यातली बरीचशी खरंच ऐकणारी असतील. कोणती नसतील ते वहीवरून कळत नव्हतं. मावशी फोन नंबर वाचायची, मॅडम लावायच्या. "काळजीचं काही नाही, पण एकदा परत तपासायचं आहे," असं त्या प्रत्येकाला म्हणत होत्या. चौथ्या फोननंतर त्यांनी 'काळजीचं काही नाही' म्हणायचं सोडून दिलं. तीन नंबर बंद होते. त्यांचे पत्ते मावशीने वेगळ्या कागदावर उतरवून घेतले. नवऱ्याला शहरातला गल्लीबोळ पाठ होता, तोच घेऊन जाईल म्हणाली.

मधेच मॅडमनी वरिष्ठांना पाठवायचा अहवाल लिहायला घेतला. एक वाक्य लिहून त्यांनी ते मावशीला वाचून दाखवलं: "खेळण्यातील तांत्रिक बिघाडामुळे…"

"बिघाड नव्हता, मॅडम," मावशी म्हणाली.

"मावशी, मी तुमच्यासाठी लिहितेय असं. आणि खरं सांगू, माझ्यासाठीसुद्धा. पद्धत तुम्ही काढलीत, पण हो मी म्हटलं होतं. बघायचं काम माझं होतं."

"गाडी बरोबर चालत होती. बिघाड लिहिलात तर ते नवा सेट पाठवतील आणि तोही कुणीतरी असाच लावेल." तिने कोटाच्या खिशातले सेल मुठीत धरले, सोडले. "टेबलं मी जोडली असं लिहा. सेल वाचवायला आवाजाआधी गाडी जागी केली असं लिहा. नाहीतर वाचणाऱ्याला कळणार कसं, काय करायचं नाही ते?"

मॅडमनी तो कागद बाजूला ठेवला आणि नवा घेतला. लिहिता लिहिता त्यांनी वर बघितलं, कारण मावशी एकदम उभी राहिली होती.

"आता काय झालं?"

"नदीपलीकडचं केंद्र," मावशी म्हणाली. "त्यांनाही हाच सेट मिळालाय. तिथले शिपाईकाका आले होते गेल्या उन्हाळ्यात. त्यांचे सेल दोन दिवसांत संपत होते. मीच त्यांना खोलीत नेऊन सगळं दाखवलं. कागदावर चित्र काढून दिलं."

 मॅडमनी फोन तिच्याकडे सरकवला. पाच वाजायला वीस मिनिटं कमी होती. तिकडचे लोकही अजून कामावर असणार.

तीन वेळा घंटा वाजून काकांनी फोन उचलला. "कोण? अरे, मावशी! किती दिवसांनी आठवण झाली गरिबाची. तुमची युक्ती एकदम पक्की हं. परवाच सेल बदलले, त्याआधी बारा दिवस चालले! तुम्हाला मागे टाकलं की नाही?"

"काका, ऐका. तुमची टेबलं जोडलेली आहेत का?"

"म्हणजे काय! अगदी तुमच्या चित्राप्रमाणे. वर चिकटपट्टीही लावली आहे, हलू नयेत म्हणून."

"ती काढा. आत्ताच्या आत्ता टेबलं अलग करा. मध्ये हातभर जागा ठेवा. आणि गाडी सकाळी एकदा जागी केली की दिवसभर जागीच ठेवा. सेल संपू देत."

"संपू देत? तुम्ही म्हणताय?" काका हसले. "मावशी, तब्येत बरी आहे ना?"

"मी चुकीचं शिकवलं तुम्हाला. मुलांना टेबलातून हाताला कळतं गाडी जागी झालेली. ती आवाजाला वळत नाहीत, काका. त्याला वळतात. तुमच्याकडची पास झालेली सगळी मुलं परत बोलवावी लागतील. तुमच्या साहेबांना द्या फोन, आमच्या मॅडम बोलतील."

 काका अगदी हळू म्हणाले, "साहेब आत आहेत. तपासणी चालू आहे. आज शेवटचं मूल आहे."

"रिमोट कुणाकडे आहे?"

"मी फोन घ्यायला आलो ना, म्हणून मुलाच्या बापाकडे दिलाय. आधी हिरवं, मग लाल, सांगून ठेवलंय त्याला." त्यांचा श्वास फोनमध्ये जोरात ऐकू आला. "थांबा. थांबा हं, मी जातो."

फोन कशावर तरी आपटला आणि घाईची पावलं दूर गेली. एक दार उघडलं. मावशीने फोन कानाशी दाबून धरला. त्या उघड्या दारातून आगगाडी धावल्याचा आवाज आला, रुळाच्या जोडांवरची ओळखीची टकटक, आणि पाठोपाठ छोट्या हातांच्या टाळ्या आणि एका पुरुषाचा आनंदाने फुटलेला आवाज: "वळला! साहेब, बघितलंत का, वळला!"